लवंगांचा मेणा

“‘सुपारीला तोंड नसतं. पण पागोटं नीट बसलं की तिचा भोई होतो.’”

ऋजुतानं एवढं मोठ्यानं वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आई, मावशी काय लिहिते गं!”

मी मेथी निवडत होते. हातातली अख्खी काडी पानांसकट देठांच्या ढिगात गेली.

“बघू,” मी म्हटलं.

वहीतून फाडलेले तीन कागद होते, दोन्ही बाजूंनी भरलेले. अक्षर ताईचं. मोठं, सुटं, आयटीआयच्या मुलींना फळ्यावर मापं लिहून देणाऱ्या बाईचं. माझी थोरली बहीण कुंदा लेले त्या वर्षी शिवणकामाची निदेशिका म्हणून निवृत्त झाली होती आणि मिरजेतल्या आपल्या एकटीच्या दोन खोल्यांत तिनं रुखवत करून द्यायला सुरुवात केली होती. लग्नात मुलीकडचे कौतुकानं मांडतात ना, ती सुपारीची भटजीबुवांची जोडी, तांदळाचं तुळशीवृंदावन, मोत्यांचं ताटाभोवतीचं महिरपकाम, ते सगळं. पूर्वी हे नवरी आणि तिच्या आत्या-मावश्या करायच्या. आता आयांना वेळ नाही आणि मुलींना सवय नाही. सहा महिन्यांत ताईकडे इतकी कामं आली की माझ्या मुलीनं, ऋजुतानं, जाहीर केलं, मावशीची वेबसाइट करायची. नाव ठरलं ‘रुखवतघर’. फोटो, मांडणी सगळं ऋजुता बघणार होती. मजकूर तेवढा आईनं लिहायचा.

“तू मराठीची बाई. मावशीनं नुसते मुद्दे दिलेत. तू ते नीट करून दे.”

मुद्दे! ते मुद्दे मी वाचले आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आज बारा वर्षांनीही आठवतं.

आमच्या घरात लहानपणापासून एक वाटणी होती. हात ताईचे, शब्द माझे. ती वाटणी मी मुकाट्यानं मान्य केली होती, कारण दुसरा इलाज नव्हता. ताईनं टाचलेलं साधं हूकसुद्धा लोक उलटून बघायचे. मी केलेल्या मोदकाला कळ्या किती हे मोजायची वेळच यायची नाही, कारण तोवर तो फुटलेला असायचा. पण मानपत्र असो, लग्नपत्रिका असो, कुणाच्या निवृत्तीचं भाषण असो, गल्लीतले लोक माझ्याकडे यायचे. सांगलीतल्या शाळेत मी पंचवीस वर्षं मराठी शिकवत होते. दोन दिवाळी अंकांत माझे लेख आले होते. एवढंच माझं होतं. आणि आता ही बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी वहीचे तीन कागद फाडते काय, त्यावर सुपारी नि भोई लिहिते काय!

माझी स्वतःची मुलगी तो कागद परत परत वाचत होती. माझा लेख दिवाळी अंकात आला तेव्हा तिनं ‘मस्त आहे’ म्हणून अंक मिटला होता.

दुसऱ्या कागदावर होतं: ‘लवंग स्वभावानं ताठ. तिला आधी समजवावं लागतं, मग ती सुईला नाही म्हणत नाही.’ मी इथवर वाचलं. पुढे पानभर मजकूर होता, तो मी वाचलाच नाही. लाल पेन उचललं, सगळ्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘अनावश्यक’. दहावीच्या मुलांच्या निबंधावर मारते तशी.

मग मी लिहिलं. खूप छान लिहिलं. ‘आपल्या वैभवशाली विवाहसंस्कृतीला कलात्मकतेचा सुवर्णस्पर्श देणारे, परंपरा आणि नावीन्य यांचा मनोहारी संगम साधणारे...’ असं चार पानं. त्यात सुपारी कुठंच नव्हती. भोई तर नव्हताच.

ऋजुतानं वाचलं. “छान आहे,” ती म्हणाली. अळणी आमटीला पाहुणे म्हणतात तसं. “मावशीचं ते सुपारीचं वाक्य तेवढं ठेवूया का?”

“ती वेबसाइट आहे, मावशीच्या वहीचं पान नाही. लोक काय म्हणतील?”

तिनं वाद घातला नाही. तिला दुसरीच काळजी पडली होती. पहिल्या पानावर टाकायला मोठा, डोळ्यांत भरणारा फोटो नव्हता. रुखवताची गंमतच अशी की जे चांगलं होतं ते नवरीबरोबर सासरी जातं, करणारीच्या हातात काही उरत नाही. ताईनं चाळीस वर्षं नात्यातल्या लग्नांसाठी केलेल्यातली तिच्या घरी एक सुपारीसुद्धा नव्हती.

ऋजुतानं मान वर केली आणि तिचे डोळे चमकले. तिची नजर हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे गेली होती.

“आई! तुझा मेणा!”

तो मेणा आमच्या घरात माझ्याबरोबर आला. सत्त्याऐंशी साली. वीतभर लांब, चारही भिंती लवंगांच्या, एकाला एक लागून ओवलेल्या. कळसाला वेलदोडा, पडदा जायपत्रीचा, दांडी दालचिनीची आणि ती खांद्यावर घेतलेले चार सुपारीचे भोई. पूर्वी नवरी मेण्यात बसून सासरी जायची, म्हणून मेणा. समोर माझ्या वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी, ‘चि. सौ. कां. शैलजाच्या हातचे’. सासऱ्यांनी त्यासाठी खास कपाट करून घेतलं होतं. आणि माझ्या सासूबाई, माई, सव्वीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी त्या कपाटासमोर उभं करत होत्या. “आमच्या सूनबाईचे हात बघा.” एकदा तर गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी तो दाखवला.

त्या मेण्यातली एक लवंगही मी ओवलेली नव्हती. तो ताईनं केला होता.

हे मला माहीत होतं, ताईला माहीत होतं आणि आमच्या आईवडिलांना माहीत होतं. ते दोघं तर कधीच गेले होते. बाकी माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“नको गं,” मी म्हटलं. “मावशीच्या वेबसाइटवर माझं कशाला?”

“अगं, दोघी बहिणी कलाकार! किती भारी दिसेल. थांब, मावशीला विचारते.” तिनं लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. “मावशी, आईच्या रुखवतातला तो लवंगांचा मेणा आहे ना, तो पहिल्या पानावर टाकू?”

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं.

“टाक की,” ताई म्हणाली. “अजून धड आहे का तो?”

“एकदम! आणि खाली आईचं नाव टाकते.”

मी फोनकडे बघत होते. आता बोलेल, आता बोलेल.

“शैलाच्या रुखवतातला तो. तिचंच नाव टाकणार, दुसऱ्या कुणाचं?” ताई म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हीच मोठी! हिला काही लागत नाही, ही देऊन मोकळी! हात हिचे, शब्द हिचे, माझी मुलगी मावशी मावशी करत हिच्या घरी, आणि वर दानतही हिचीच. मग मी म्हटलं, ठीक आहे. एवढं एक तरी माझं असू दे. फोटोखालची ओळ मी स्वतः लिहिली, तीन वेळा खोडून, घोटून. ‘लवंगांचा मेणा (१९८७). कुंदाताईंच्या भगिनी सौ. शैलजा बर्वे यांच्या सिद्धहस्त बोटांतून साकारलेली अजोड कलाकृती.’

सिद्धहस्त. मुलांना हा शब्द वाक्यात वापरायला मीच शिकवत असे.

वेबसाइट सुरू झाली. ऋजुतानं फोनवर ताईला सगळा मजकूर वाचून दाखवला. मी कान देऊन होते. ताई म्हणाली, “शैलानं किती छान लिहिलंय. मला मेलीला काही असं सुचत नाही.” ती हे मनापासून म्हणाली. तेच तर मला सहन होत नव्हतं.

तीन आठवड्यांनी जयसिंगपूरहून फोन आला. मगदूमबाई म्हणून होत्या. धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्यांना दुसरं तिसरं काही नको होतं, अगदी तसाच मेणा हवा होता.

“आणि ज्यांनी केलाय त्यांच्याच हातचा पायजे,” त्या म्हणाल्या. “मागच्या खेपेला थोरलीच्या लग्नात आमाला एकीनं फसवलंय. हातचं म्हणून दिलं आणि निघालं बाजारातलं. या टायमाला मी येतो, डोळ्यांनी बघतो, मगच सांगतो.” त्यांच्या बाजूच्या बायका बोलताना ‘मी येते’ म्हणत नाहीत, ‘मी येतो’ म्हणतात.

ऋजुतानं उत्साहानं आमचाच पत्ता दिला, कारण मेणा आमच्याकडे. ताईलाही मिरजेहून बोलावून घेतलं. रविवारी सकाळी अकराची वेळ. मी दोन दिवस ताप येतोय का ते बघत होते. आला नाही.

मगदूमबाई आल्या. जाड काठाची साडी, हातात मोठी पर्स, बरोबर लग्नाची मुलगी. ताई आधीच येऊन खुर्चीच्या टोकावर बसली होती, कुणाच्या तरी घरी बसते तशी. माई आपल्या नेहमीच्या आरामखुर्चीत. ऐंशी पार केलेल्या, पण नवा पाहुणा दिसला की ताठ बसायच्या. हे तेव्हा बदलीवर रत्नागिरीला होते, म्हणून वाचले.

ऋजुतानं कपाट उघडून मेणा टेबलावर ठेवला. खोलीभर लवंगेचा वास सुटला. सव्वीस वर्षांनी!

मगदूमबाई वाकून बघत राहिल्या. “आई गं,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ताठ होऊन विचारलं, “हे केलं कुणी? तुमी?”

“सूनबाईनंच,” मी बोलायच्या आत माई म्हणाल्या. “लग्नाआधी केलेलं. बघा ना, एक लवंग कुठं फुटलेली दिसतेय का?”

“तेच म्हंतो मी! फुटत कशी नाही? मी घरी ओवून बघितली. सुई घातली की फुल गळतंय, नाहीतर मधनं चिरतीय.” मगदूमबाईंनी पर्स उघडली, कागदाची पुडी काढली आणि टेबलावर मोकळी केली. मूठभर लवंगा. बरोबर सुईदोराही आणला होता. बाई तयारीची होती. “राग मानू नका वहिनी. एकदा पोळलोय म्हणून म्हंतो. दोन लवंगा ओवून दावा. माझी खात्री पटली की झालं.”

“अहो, आता तिचे डोळे...” ताई घाईनं म्हणाली. “चाळिशी लागल्यापासून तिला बारीक काम...”

“चष्मा आहे की नाकावर,” माई म्हणाल्या. “दाखव गं शैलजा. होऊ दे त्यांच्या मनासारखं.”

ऋजुतानं मोबाइल वर धरला. “थांब आई, व्हिडिओ घेते. वेबसाइटवर टाकू!”

मी खुर्चीवर बसले. सुईत दोरा घातला, तो मात्र पहिल्या झटक्यात गेला. शिक्षिका आहे, फाटलेल्या हजेरीपटाला टाके घालण्याइतपत येतं. एक लवंग उचलली. ताईला ओवताना मी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण पाहणं म्हणजे लक्ष देणं नव्हे. आमच्या ओसरीवर ती ओवत बसायची तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून पुस्तक वाचायची. मी सुई लवंगेच्या फुलाखाली टेकवली आणि दाबली.

कट्. फूल गळून टेबलावर पडलं.

“पहिली जातेच,” मी हसून म्हटलं.

दुसरी उभी चिरली. तिसरीतून सुई सटकून माझ्या अंगठ्यात गेली. रक्ताचा थेंब आला. मगदूमबाईंच्या मुलीनं आईच्या पदराला हळूच ओढ दिली, ‘चल’ म्हणून. ऋजुताचा मोबाइल अजून वर होता, पण ती आता मोबाइलमध्ये बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

तेवढ्यात ताई पुढे सरकली आणि तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली.

“अगं, कोरडी कशी जाईल? विसरलीस वाटतं,” ती हसत म्हणाली. मग मगदूमबाईंकडे वळून, “रात्रभर कोमट पाण्यात टाकायची हो लवंग. सकाळी फडक्यावर निथळायची, ओलसर असतानाच ओवायची, मग ती नाही म्हणत नाही. हिला सगळं येतं. सव्वीस वर्षं झाली, सवय मोडली तिची. मी लिहूनही दिलं होतं बघ शैला तुला, त्या दुसऱ्या कागदावर.”

दुसऱ्या कागदावर. अनावश्यक.

मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फुटलेल्या लवंगांचे तुकडे बोटानं गोळा करत होती, माझं पाप झाकावं तसे. मला रडू यायला हवं होतं, आणि मला काय आला? राग. हिनं मला आत्ताही सोडवलं! आत्ताही हीच चांगली! आता हिचं हे देणं मी घेतलं तर मरेपर्यंत हिच्या उपकारात राहणार. खरं सांगते, त्या दिवशी मी खरं बोलले ते सत्याच्या ओढीनं नाही. जळफळाटानं बोलले.

“मी विसरले नाही,” मी म्हटलं. “मला कधी येतच नव्हतं. हा मेणा ताईनं केलाय. सगळा.”

ऋजुताचा हात खाली आला.

“शैला, अगं...” ताई म्हणाली.

“तू गप्प बस. मगदूमबाई, तुम्हाला ज्या हातचा हवाय ते हात हे. बिनघोर काम द्या.”

मगदूमबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. बाई शहाणी. “मग झालंच की,” एवढंच म्हणाली.

मी माईंकडे बघायचं टाळत होते. पण बघावं लागलंच. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वडिलांच्या अक्षरातल्या त्या चिठ्ठीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुमच्या आईनं मला सांगितलं होतं. तुझ्याकडे बोट करून.”

हो. सांगितलं होतं. तीच ती गोष्ट, जी मी सव्वीस वर्षं कुणाला बोलले नव्हते.

बर्वे मंडळी मला बघायला आली तेव्हा माईंना मी काही फारशी आवडले नव्हते. पोहे खाता खाता त्यांचा चेहराच सांगत होता. उठायच्या बेतात असताना त्यांची नजर कोनाड्यातल्या मेण्यावर गेली. त्यांनी विचारलं, “हे कुणी केलं?” ताई तेव्हा बत्तीस वर्षांची. हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मेणा तिनं स्वतःच्या रुखवतासाठी केला होता, स्थळं येत होती त्या वर्षांमध्ये, एकेक भिंत करत. आई एक क्षणही थांबली नाही. म्हणाली, “आमच्या शैलानं.” ताईनं चहा सगळ्यांना दिला, एक थेंब न सांडता. आणि माई खाली बसल्या. पुन्हा बसल्या. तिथं माझं लग्न ठरलं.

“मी हात बघून मागणी घातली होती,” माई आता म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, त्यात राग नव्हता, म्हणूनच तो मला लागला. त्या ताईकडे वळल्या. “म्हणजे मागणी मी तुला घातली. आणि घरात आली ही.”

हे वाक्य कुणीतरी एक दिवस बोलणार, हे मी सव्वीस वर्षं ऐकत आले होते. पाहुणे कपाटासमोर उभे राहिले की ऐकू यायचं. हे माझ्याकडे हसून बघायचे तेव्हासुद्धा ऐकू यायचं. प्रत्यक्षात ते असं, रविवारी सकाळी, फुटलेल्या लवंगांसमोर ऐकावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. मी मान खाली घातली.

आणि ताई हसली. खळखळून हसली.

“माई, काय बोलता! माझं मूळ नक्षत्र. सासऱ्याला जड! सात स्थळं पत्रिका बघून परत गेली. तुम्हाला त्या दिवशी खरं कळलं असतं ना, तर तुम्ही चहासुद्धा न घेता उठला असता.”

माईंनी ताईकडे टक लावून पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ही त्यांची सगळ्यात अवघड गोष्ट होती.

“हो,” माई म्हणाल्या. “उठले असते.”

मग त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला. ऋजुता धावली, पण त्यांनी तिला बाजूला केलं. टेबलापाशी आल्या, ती चिठ्ठी उचलली, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “पाहुण्यांना चहा टाक, शैलजा.”

मी स्वयंपाकघरात गेले. चहात साखर किती घातली ते आठवत नाही. ऋजुता मागून आली.

“वेबसाइटवरची ती ओळ तूच लिहिलीस ना? सिद्धहस्त वगैरे?”

“हो.”

“मावशीनं काही म्हटलं नाही?”

“नाही.”

“तू मावशीचा दुसरा कागद वाचलाच नव्हतास.”

“नाही.”

तिनं कपबशा काढल्या आणि बाहेर गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर ताईचे तीन कागद ठेवले. लाल रेघ काही निघण्यासारखी नव्हती, म्हणून दुसरा कागद मी माझ्या अक्षरात स्वच्छ उतरून काढला होता, काना-मात्रा न बदलता. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं तपासणाऱ्या बाईला ते किती कठीण गेलं ते मला ठाऊक. दर ओळीला हात शिवशिवत होता. आणि दर ओळीला कळत होतं की बदलायला काही जागाच नाही. माझी चार पानं आणि फोटोखालची ती ओळ मी काढून टाकायला सांगितली. ऋजुतानं विचारलं, “आणि खाली ‘मजकूर’ म्हणून नाव कुणाचं?” मी म्हटलं, “जिचा आहे तिचं.”

मगदूमबाईंच्या मुलीचा मेणा वैशाखात गेला. आमचा मेणा कपाटात परत गेला, बिनचिठ्ठीचा. माई पाहुण्यांना अजूनही तो दाखवायच्या. आता म्हणायच्या, “हा कुंदानं केलेला, आमच्या शैलजाच्या बहिणीनं.” मी आत कुकर लावत ते ऐकायची. त्यांनी त्या दिवसाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही आणि माझ्या हाताबद्दल कधी एक शब्द पुन्हा काढला नाही. एवढी शिक्षा पुरेशी होती.

आणि माझा हेवा? तो कुठं जातोय. ताईचं नाव लोकांच्या तोंडी वाढत गेलं, तसा तोही वाढत गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. फक्त आता मी शनिवारी दुपारी मिरजेला जाऊन तिच्या शेजारी बसायला लागले होते. लवंगा निथळून द्यायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. एकदा ती म्हणाली, “स्वतः चार ओवून बघ की.” मी ओवल्या. निम्म्या फुटल्या.

तीन वर्षांनी ऋजुताचं लग्न ठरलं. रुखवत अर्थात मावशीचं. सांगलीतल्या कार्यालयात सकाळपासून लोक त्या टेबलाभोवती उभे होते. एकवीस वस्तू, एकीवरून नजर हलू नये अशा. आणि टेबलाच्या अगदी टोकाला, लाडवांच्या ताटामागे, वीतभर लांबीचं एक लवंगांचं तोरण. माझं. ताईनं ते हट्टानं तिथं ठेवलं होतं. एक ओळ वर, एक खाली, मधे एका जागी तीन फुलं गळालेली. चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती, ‘कन्येच्या आईच्या हातचे’, आणि लाजेनं ती ताटाखाली सरकवली होती.

ऋजुतानं माईंना हाताला धरून आणलं. माईंनी चष्मा पुसला आणि सगळं बघत बघत पुढे सरकल्या. ताई मागं उभी होती, बायका तिचं कौतुक करत होत्या. माई टोकाला आल्या, थांबल्या, वाकल्या. बोटानं ते तोरण थोडं सरळ करायचा प्रयत्न केला. ते झालं नाही.

“हे शैलजाचं,” माई मोठ्यानं म्हणाल्या. “चिठ्ठी कशाला हवी?”

आणि एकवीस वस्तू मागं टाकून त्या तिथंच उभ्या राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ते वाकडं तोरण दाखवत. “आमच्या सूनबाईनं केलंय. बघा, बघा.”

ताईनं बायकांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. देवाशपथ सांगते, त्या घटकेला तिला माझा हेवा वाटला. निदान मी तरी तसंच समजते.